चूक कोणाची?

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकप्रणालीविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरण्याच्या दिवसांत कार्यालयाबाहेर ताटकळणारे पालक मी दरवर्षी पाहतो. गतवर्षी एका मातेचा अर्ज तीनदा नाकारला गेला. पडद्यावर ‘अवैध नोंद’ एवढेच शब्द उमटत. ‘सर, माझंच काहीतरी चुकलं असेल,’ त्या खालमानेने म्हणाल्या. शोधाअंती कळले, उत्पन्नाच्या आकड्यात स्वल्पविराम पडला होता. आकडा लिहिण्याची ती आपली नित्याची रीत आहे. प्रणाली रचणाऱ्याच्या ध्यानी मात्र ती आली नव्हती.

या प्रश्नाला इतिहास आहे. 1970च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ ही लेखनप्रणाली होती. तीत आज्ञा देण्याच्या स्थितीत कोणी अनवधानाने ‘ई-डी-आय-टी’ ही अक्षरे दाबली, तर सगळा मजकूर पुसला जाऊन केवळ ‘टी’ उरे. पुढे लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी ‘गिन अँड कंपनी’ या पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी ‘जिप्सी’ ही प्रणाली घडवली. त्यासाठी मॉट यांनी आधी तेथील संपादकांचे काम जवळून पाहिले. संपादक कागद कात्रीने कापत आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवत. तीच रीत पडद्यावर आली. आज आपण सहज म्हणतो ते ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द अभियंत्याच्या नव्हे, संपादकाच्या टेबलावरचे आहेत.

‘लोकांनीच संगणक शिकावा,’ असे कोणी म्हणेल. शिकावा, यात शंका नाही. परंतु रचनाकाराने वाचवलेल्या एका तासाची किंमत हजारो पालकांनी बुडालेल्या मजुरीने का मोजावी? सुबोध रचना ही कोणाची मेहेरबानी नव्हे. हक्काचा लाभ हक्कदारापर्यंत पोहोचवण्याची ती पूर्वअट आहे.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज सॉफ्टवेअर क्षेत्रात आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रणाली रचण्यापूर्वी ती वापरणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा. त्याला शिकवू नका, केवळ पाहा. तो कोठे अडखळतो ते टिपून घ्या आणि ‘अवैध नोंद’ऐवजी ‘रकमेत स्वल्पविराम नको’ असे स्वच्छ मराठीत लिहा. त्याहून उत्तम म्हणजे तो स्वल्पविराम यंत्रालाच काढू द्या.

मग कोणत्याही मातेला, न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालावी लागणार नाही.