रात्रीचा गारवा, दिवसाची झोप

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी घरातील चुलीसारखी रात्री विझवून सकाळी पेटविता येत नाही. ती वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत ठेवावी लागते. साहजिकच भट्टीबरोबर या नगरीत रात्रपाळीही आली. रात्रभर आचेजवळ राबलेला माणूस सकाळी घरी परततो आणि सूर्य चढू लागतो त्याच वेळी त्याला झोपावयाचे असते. मे महिन्यात येथे दुपारी पारा 42 अंशांच्या पुढे जातो. तळमळत चार तास काढून तोच माणूस रात्री पुन्हा तप्त लोखंडाजवळ कामास उभा राहतो, ही गोष्ट त्याच्या घरातील प्रत्येकाने मनावर घेण्याजोगी आहे.

अशा घरांनी विचार करावयाचा तो भिंतींचा. दिवसभर उन्हात तापलेली विटांची भिंत आणि छताचा स्लॅब ही उष्णता लगेच आत सोडीत नाहीत. ती हळूहळू, काही तासांनी आत उतरते. म्हणून रात्री अकरा वाजता अंगणात सुखद वाटते, आणि खोलीत पाऊल टाकताच धग लागते. रात्री ही साठलेली उष्णता बाहेर गेली नाही, तर दुसऱ्या दिवसाची उष्णता तिच्यावर चढते आणि घर दिवसेंदिवस अधिकच तापत जाते.

भिंत निवविणे हे वाटते तितके सोपे नाही. एक घनमीटर वीटकाम एका अंशाने निवते तेव्हा जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढी वाहून नेण्यास हजाराहून अधिक घनमीटर हवा एका अंशाने तापावी लागते. संध्याकाळी तासभर खिडक्या उघडल्या की खोलीतील हवा तेवढी पालटते. भिंत तशीच राहते. छताचा पंखा अंगावरचा घाम वाळवितो, परंतु आतलीच गरम हवा तो गरगर फिरवीत असतो.

येथे बाहेर हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याचा उपयोग होतो. अमेरिकेत असा पंखा माडीच्या छतात बसवितात व त्यास ‘होल हाउस फॅन’ म्हणतात. तो घरातील हवा वर ओढून माळ्यावाटे बाहेर घालवितो आणि उघड्या खिडक्यांतून रात्रीची थंड हवा आपोआप आत येते. आपल्या क्वार्टरांना तसा माळा नसतो. तेव्हा मागील बाजूच्या उंच झरोक्यात 18 इंची एक्झॉस्ट पंखा बसवावा. असा पंखा ताशी साधारण 4,000 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे 150 घनमीटर पोकळीच्या लहान घरातील हवा तासाभरात 25 वेळा सहज पालटते. वातानुकूलन यंत्रापुढे त्याचा विजेचा खर्च नगण्य होय. आवाज मात्र करतो. म्हणून कमी वेगाचा पंखा निवडावा.

विदर्भातून येथे आलेल्या कुटुंबांना यात नवल वाटू नये. जुन्या वाड्यातील चौकातून गरम हवा वर निघून जाई व माजघरात गारवा राही; तेच काम येथे पंखा करतो.

पंखा केव्हा लावावा याला महत्त्व आहे. बाहेरची हवा आतल्याहून थंड झाल्याशिवाय लावू नये. दुपारी लावल्यास लू घरात ओढून घेतल्यासारखे होईल. साधारणतः रात्री नऊ-दहापासून तो चालवावा आणि पहाटे, पारा 27-28 अंशांवर उतरलेला असतो त्या वेळी, तो बंद असता कामा नये. सूर्य वर येताच पंखा बंद करून खिडक्या, दारे व झरोकेही मिटून घ्यावेत आणि जाड पडदे सोडावेत. रात्रपाळीचा माणूस घरी पोहोचण्यापूर्वी घर असे मिटलेले असावे. निवलेल्या भिंती मग दुपारपर्यंत त्याला साथ देतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी, परवानगी मिळाल्यास, उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचे पांढरे हात द्यावेत.

झोपण्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून पंख्यापर्यंतची मधली दारे अडकवून ठेवावीत. आत येणाऱ्या वाटा पंख्याच्या तोंडाच्या निदान दुप्पट मोठ्या असाव्यात, कारण डासांची जाळी बरीच हवा अडविते. खिडकीशी उदबत्ती धरून पाहावी. धूर आत ओढला गेला की योजना बरोबर बसली. घरधनी रात्रपाळीला गेल्यावर मुलाबाळांसह एकट्या राहणाऱ्या गृहिणीस उघड्या खिडकीची धास्ती वाटते, व ती रास्तच आहे. मजबूत गज आणि जाळी यांचा खर्च पंख्याच्या खर्चातच धरावा.

एक धोका सांगितलाच पाहिजे. खिडक्या बंद ठेवून हा पंखा लावला, तर तो मिळेल त्या फटीतून हवा ओढतो. कोळशाची शेगडी किंवा न्हाणीघरातील गॅसचा गीझर पेटलेला असेल, तर त्याचा विषारी वायू घरात पसरतो. त्या वायूला वास नसतो. शेगडी विझल्यावरच, आणि खिडक्या आधी उघडूनच पंखा सुरू करावा.

कूलर असलेल्या घरांनी तो काढून टाकण्याचे कारण नाही. कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो उत्तम काम देतो, फक्त ओल्या हवेला समोरून बाहेर पडण्यास वाट हवी. परंतु 2018 साली भिलाईत डेंग्यूच्या साथीने कित्येक घरांवर दुःख कोसळले. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. दिवसा झोपणाऱ्यास त्याचा अधिक धोका. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी, आणि दिवसाच्या झोपेलाही मच्छरदाणी लावावी. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. त्या दिवसांत हा पंखा पहाटे तासभर लावला तरी कोंदटपणा जातो.

पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर धूळ फार लवकर साचते. दर पंधरवड्यास वीज बंद करून ती पुसावी, नाहीतर आवाज तेवढाच राहून वारा कमी होतो.