तारणाची तारीख

हल्लीं आमच्या मंडळ्यांच्या प्रार्थनासभांत एक प्रश्न वारंवार कानीं येतो : ‘तुमचें तारण केव्हां झालें?’ विचारणारा बहुधा तरुण उपदेशक असतो. त्याचा हेतु वाईट नसतो. मात्र उत्तर म्हणून त्याला दिवस, महिना व साल हवें असतें. ज्याला तें सांगतां येतें त्यानें उभें राहून साक्ष द्यावी. ज्याला येत नाहीं त्यानें मान खालीं घालून बसावें व इतरांनीं त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, असा प्रघात पडत चालला आहे. हा प्रघात शास्त्राला धरून नाहीं, आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेला तर मुळींच धरून नाहीं. आणि तो प्रामाणिक माणसांना देवाच्या घरांत खोटें बोलावयास शिकवितो, हा माझा त्याच्यावर मुख्य आक्षेप आहे.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या मंडळींत एक मावशी आहेत. सत्तरी उलटली आहे. चाळीस वर्षें त्यांनीं रविवारच्या शाळेंत लहान मुलांना शिकविलें. मीहि त्यांचाच विद्यार्थी. मंडळींत कोणाच्या घरीं मयत झाली कीं भाताचें पहिलें पातेलें त्यांच्या चुलीवरून जातें, मग तें घर त्यांच्याशीं बोलत असो वा नसो. त्या सभेंत बाहेरून आलेल्या उपदेशकानें एकेकाला उठवीत उठवीत त्यांना विचारलें, “आजी, तुमची तारीख?” मावशींनीं बराच विचार केला. घाईनें उत्तर देण्याची त्यांना संवय नाहीं. मग म्हणाल्या, “तसें कांहीं सांगतां यायचें नाहीं, बाळा.” उपदेशकाचा चेहरा एकदम करुणेनें भरून आला. त्यानें मावशींच्या मस्तकावर हात ठेवला आणि या वृद्ध भगिनीला आज तरी नवा जन्म लाभो, अशी मोठ्या आवाजांत प्रार्थना केली. आम्हीं सर्वांनीं ‘आमेन’ म्हटलें. मींहि म्हटलें. घरीं आल्यावर मात्र मला जेवण गेलें नाहीं.

हा प्रश्न विचारणारे प्रथम पौलाकडे बोट दाखवितात. दिमिष्काच्या वाटेवर तो लख्ख प्रकाश, तें जमिनीवर कोसळणें, ती हांक! यापरतें तारखेचें दुसरें प्रमाण कोणतें? पण पौलाचें चरित्र त्या वाटेवरच संपत नाहीं. तीन दिवस तो आंधळा होता, दुसऱ्याच्या हाताला धरून शहरांत गेला, आणि ज्यांना बांधून न्यावयास निघाला होता त्यांच्यांतीलच एका हनन्यानें त्याला भाऊ म्हणून हांक मारली तेव्हां कुठें त्याला दिसूं लागलें. पुढें तो अरबस्तानांत गेला आणि तीन वर्षें लोटल्यावर यरुशलेमेस पोंचला, असें तो स्वतःच गलतीकरांस सांगतो. इतकेंच नव्हे, तर बंदिवासांतून फिलिप्पैकरांस लिहितांना आपण अद्याप मुक्कामास पोंचलों नाहीं, अशी त्याची कबुली आहे. शिवाय हा पौल आपला अत्यंत आवडता शिष्य तीमथ्य याला त्याच्या तारणाची तारीख विचारीत नाहीं; तो त्याच्या आजीची आणि आईची आठवण काढतो. लोईस आजीजवळ जो विश्वास होता तो युनीकेजवळ आला आणि तिच्याकडून मुलाजवळ आला, एवढीच ती हकीकत. त्यांत प्रकाश नाहीं, हांक नाहीं, कोसळणें नाहीं. आमच्या सभेंत तीमथ्य उभा राहिला असता तर त्याच्याहि मस्तकावर हात पडला असता!

आणि खुद्द प्रभूचा दृष्टांत? बीं टाकणारा शेतकरी रात्रीं निजतो, सकाळीं उठतो आणि बीं कसें रुजतें, कसें वाढतें हें त्याला कळतहि नाहीं. आधीं पातें, मग कणीस, मग कणसांत भरलेला दाणा. हा दृष्टांत चार शुभवर्तमानांपैकीं एकट्या मार्कानें जपून ठेवला, म्हणून कीं काय, तो आमच्या उपदेशकांच्या नजरेंतून निसटला असावा. नगर जिल्ह्यांतल्या कोणत्याहि शेतकऱ्याला जाऊन विचारा कीं, बाबा, तुझी ज्वारी नेमकी कोणत्या तारखेला ज्वारी झाली?

मग हा तारखेचा हट्ट आला कोठून? अठराव्या शतकांत इंग्लंडांत व अमेरिकेंत धर्मजागृतीची जी लाट उसळली, तिच्यांत याचें मूळ आहे. २४ मे १७३८ च्या संध्याकाळीं, पावणेनऊच्या सुमारास, लंडनमधील एका छोट्या सभेंत जॉन वेस्ली यांचें अंतःकरण विलक्षण ऊबदार झालें, ही हकीकत त्यांच्याच रोजनिशींतून जगाला ठाऊक झाली व पुढें असंख्य साक्षींचा नमुना ठरली. पण त्याच रोजनिशींत, आठ महिनेहि झाले नाहींत तोंच, जानेवारी १७३९ मध्यें, आपण ख्रिस्ती नाहीं असें वेस्लींनीं रोखठोक लिहून ठेवलें आहे. तें पान मात्र नमुन्यांतून गळालें! इकडे जे मिशनरी आले त्यांना दोष देण्याचें मला कारण नाहीं. परक्या भाषेंत, परक्या मुलखांत, समोर बाप्तिस्मा मागावयास उभ्या असलेल्या माणसाचें अंतरंग कसें ओळखावें, ही त्यांची अडचण खरीच होती, आणि कांहीं तरी खूण मागणें त्यांना भाग होतें. आज चौथ्या-पांचव्या पिढींतल्या माणसाला तीच खूण मागणें म्हणजे घरच्याच मुलाला दारांत अडवून ओळखपत्र विचारण्यासारखें आहे.

आतां आमच्या घरचे दाखले पाहूं. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ सालचा. तो दिवस त्यांना विसरण्याचें कारण नव्हतें. तरी आत्मचरित्राला त्यांनीं नांव दिलें तें ‘अरुणोदय’. पहांटे अंगणांत बसून उजाडतांना ज्यानें पाहिलें आहे त्याला या नांवावर अधिक भाष्य नको. नारायण वामन टिळकांची आगगाडींतील भेट आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. १८९३ सालीं राजनांदगांवच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. व्यासपीठावरून ही गोष्ट फार रंगते. पण दोन वर्षें म्हणजे दोन वर्षें. १८९५ च्या फेब्रुवारींत बाप्तिस्मा होईपर्यंत त्या माणसानें रात्रीच्या रात्री काय सोसलें असेल, हें व्यासपीठाला आठवत नाहीं. आणि १८९५ सालीं तरी टिळक ‘झाले’ काय? त्यांना मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाहि जवळ करणारा ‘देवाचा दरबार’ मांडावयास १९१७ साल उजाडावें लागलें. बावीस वर्षें हा मनुष्य वाढतच होता.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण तर आमच्या तारीखवाल्यांचें अगदीं आवडतें, कारण बाईंच्या आयुष्यांत तसा निश्चित अनुभव आहे, आणि तो त्यांनीं १९०७ च्या आपल्या साक्षींत स्वतः सांगितला आहे. मला तो नाकारावयाचा नाहीं. पण त्या काय म्हणतात तें पुरतें ऐकावें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. आतां या आठ वर्षांत बाई काय करीत होत्या? वाँटेजच्या भगिनींशीं मतप्रतिपादनाच्या कलमांवरून निर्भीडपणें वाद करीत होत्या, अमेरिकेंत फिरून बालविधवांची कहाणी सांगत होत्या; आणि १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिशेबानें ख्रिस्त सांपडण्यापूर्वींच त्यांनीं ख्रिस्ताचें काम आरंभिलें होतें! त्या दिवशीं कोणीं त्यांना तारीख विचारून, उत्तर आलें नाहीं म्हणून, मस्तकावर हात ठेवला असता तर बाईंनीं तो हात झिडकारला असता, असें मला त्यांच्या एकंदर स्वभावावरून वाटतें.

परंतु या सर्वांहून मला लक्ष्मीबाई टिळक जवळच्या वाटतात. पति ख्रिस्ती झाला, संसार दुभंगला, आणि बाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा सुमारें पांच वर्षांनीं झाला. मधला काळ त्यांनीं ‘स्मृतिचित्रां’त ज्या निर्मळपणें सांगितला आहे त्याला मराठींत तोड नाहीं. पतीकडे परत आल्यावरहि त्यांचें सोंवळें सुटलें नव्हतें. तें सुटलें तें कोणाच्या उपदेशानें नव्हे. जातिभेद देवानें केलेला नाहीं, माणसांनीं केला आहे, हें एके दिवशीं त्यांचें त्यांनाच पटलें, आणि मग कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्याच्या मागून आला. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती साक्षीचा नमुना हाच आहे. येथें पालट शब्दांत दिसत नाहीं, ताटांत दिसतो.

आणि येथेंच आमच्या साक्षसभांचें खरें वैगुण्य उघडें पडतें. पेत्राची साक्ष कोणत्या उपदेशकाला अपुरी वाटेल? तो पाण्यावर चालला, तीनदां नाकारून रडला, पन्नासाव्या दिवशीं उभा राहिला. तोच पेत्र अंत्युखियांत परराष्ट्रीयांच्या पंक्तीला जेवत होता, तों यरुशलेमेहून चार माणसें आलीं आणि हा भिऊन पंक्तींतून उठला. त्याच्या मागोमाग बर्णबाहि उठला. पौलानें त्याला सर्वांदेखत फैलावर घेतलें. त्यानें पेत्राचा अनुभव तपासला नाहीं. त्याचें पान तपासलें. आमच्याकडे सभेंत तारखा खणखणतात, आणि मुलामुलींचीं लग्नें जुळवितांना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न दबल्या आवाजांत अजून विचारला जातो. ज्यानें दिवस, महिना, साल अस्खलित सांगितलें तोच हा प्रश्न विचारतांना मीं ऐकला आहे. त्याच्यासाठीं कोणीं हात ठेवून प्रार्थना केल्याचें मला आठवत नाहीं.

कोणी म्हणेल, तारीख विचारली नाहीं तर मंडळी नांवाच्या ख्रिस्त्यांनीं भरून जाईल. भीति खोटी नाहीं. जन्मानें ख्रिस्ती, नाताळला व उपवासकाळाच्या शेवटल्या शुक्रवारीं मंदिरांत येणारा, एरवीं निर्धास्त, असा वर्ग आहेच, आणि त्याला हालवावयास हवें. पण ही चाळण त्याला अडवीत नाहीं. ज्याची जीभ चपळ तो तींतून पार होतो. सत्य बोलण्याची ज्याला संवय तोच अडकतो. ज्यांना खरोखरच एखाद्या क्षणीं प्रभूनें गांठलें त्यांनीं तें अवश्य सांगावें, आम्ही आनंदानें ऐकूं. वाईट आहे तें एकाच्या अनुभवाचें माप करून दुसऱ्याला मोजणें.

हें सारें मी इतक्या त्वेषानें लिहितों आहें त्याचें कारण लपविण्यांत अर्थ नाहीं. वीस वर्षांपूर्वीं, तरुण असतांना, अशाच एका सभेंत माझी पाळी आली. शेजारच्या मित्रानें नुकतीच तारीख सांगितली होती आणि सर्वांनीं टाळ्या वाजविल्या होत्या. मी उठलों आणि एका ऑगस्टांतली तारीख सांगितली. त्या रात्रीं पाऊस पडत होता, हेंहि सांगितलें. तारीख खोटी होती. पाऊससुद्धां खोटा होता. विश्वास मात्र होता, अर्धाकच्चा, आईच्या प्रार्थनांतून आणि मावशींच्या रविवारच्या शाळेंतून मिळालेला. पण त्याला तारीख नसल्यामुळें तो त्या सभेंत दाखवितां येण्यासारखा नव्हता. पुढें दोन-तीन ठिकाणीं तीच साक्ष मला पुन्हां द्यावी लागली, आणि प्रत्येक वेळीं पाऊस थोडा वाढत गेला.

त्या सभेनंतरच्या रविवारीं मी मावशींच्या घरीं गेलों व त्यांची क्षमा मागितली. त्यांना माझें बोलणें नीटसें समजलें नाहीं. “अरे, प्रार्थना काय वाईट असते होय?” म्हणाल्या, आणि चहा ठेवला. खोटी तारीख मात्र मीं त्यांना सांगितली नाहीं. धीर झाला नाहीं. ती सभेंत दिली होती, तेव्हां सभेंतच परत घेतली पाहिजे. येत्या महिन्याच्या पहिल्या बुधवारीं आमची प्रार्थनासभा आहे. पाळकांकडे मीं पांच मिनिटें मागून ठेवलीं आहेत. कशासाठीं, तें त्यांना अजून सांगितलेलें नाहीं.