संगणक कक्षातील वही

२०२४ च्या पावसाळ्यात आपल्या विद्यालयातील बारावीच्या अकरा विद्यार्थ्यांनी विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करण्याचे ठरविले आणि शिक्षकांच्या बैठकीत त्या कामाची जबाबदारी आमच्याकडे आली. आमचा विषय इतिहास. संगणकाशी आमचा संबंध गुणपत्रके भरण्यापुरता. परंतु 'बाबासाहेबांचा इतिहास तुम्ही शिकविता, तेव्हा वकिलीकडे निघालेली मुले तुमचीच' असे एका सहकारी बाईंनी म्हटले आणि त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. एका माजी विद्यार्थ्याने या अकराही जणांसाठी एका ऑनलाइन सराव-मंचाचे वर्षाचे शुल्क भरले होते. दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयातील वापरातून काढलेले सहा संगणक पाठविले होते. मुले हुशार, शुल्क भरलेले, संगणक आलेले. आता फक्त अभ्यास तेवढा करावयाचा राहिला, असे सर्वांना वाटले. आम्हांलाही तसेच वाटले.

पहिला महिना संपला तेव्हा अकरांपैकी चारच जण त्या मंचावर नियमित चाचण्या देत होते. उरलेले सात जण संगणक कक्षात येत, बसत, आणि वर्तमानपत्र वाचून परत जात. आम्ही आधी त्यांना आळशी समजलो. हे येथे कबूल केलेले बरे.

त्या सातांत एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिच्या संगणकावर चाचणीचे पान अर्धेच उघडत असे, प्रश्न दिसत पण पर्याय दिसत नसत. तिने वसतिगृहाच्या फोनवरून त्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर विचारणा केली. पलीकडून हिंदीत सांगण्यात आले, 'कॅश क्लिअर कर लीजिए.' एवढेच. फोन बंद. मुलीने आठ दिवस संगणकाला हात लावला नाही. आम्ही अखेर जवळ बसवून विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "सर, काहीतरी पैसे भरायचे राहिलेत म्हणे. बाबांना नका कळवू. मी पुस्तकावरूनच करते."

संकेतस्थळ उघडताना संगणक त्याच्या पानांचे काही भाग आपल्यापाशी साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ते लवकर उघडते. त्या साठवणीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा उच्चार रोख पैशाच्या 'कॅश'सारखाच होतो. ही साठवण जुनी झाली, बिघडली की पान अर्धवट दिसू लागते. ती पुसायला अर्धा मिनिट लागतो. आम्हांलाही हे तेव्हा ठाऊक नव्हते. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला विचारून आम्ही ते शिकलो. पर्याय दिसू लागले. मुलगी हसली आणि मग रडली.

या प्रसंगाने आमची झोप काही दिवस उडविली होती. तांत्रिक अडचण क्षुल्लक होती. पण जिच्या घरातील पिढ्यांनी सावकाराच्या, मुकादमाच्या वहीतला आकडा न वाचता त्याखाली अंगठा दिला, त्या घरातील बारावीपर्यंत शिकलेली, वर्गात पहिली येणारी मुलगी कोणीही लेखी न दाखविलेले देणे आठ दिवस मनात वाहत राहिली. 'किती पैसे? कशाचे? पावती कोठे आहे?' हे तीन प्रश्न तिला विचारावेसे वाटले नाहीत. आणि ती वकील होणार होती! दोष तिचा नव्हता, आमचा होता. आम्ही तिला १९२७ चा महाडचा सत्याग्रह सनावळीसह शिकविला होता, त्यातील प्रश्न विचारण्याची रीत शिकविली नव्हती.

त्यानंतर आम्ही रोज सायंकाळी सात ते नऊ कक्षात बसू लागलो आणि एकेकाची अडचण समजून घेऊ लागलो. जे आढळले ते थोडक्यात सांगतो, कारण इतर वसतिगृहांतही हेच होत असणार. दोन संगणकांवर कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडेना. 'आपले कनेक्शन खासगी नाही' अशी इंग्रजी सूचना येई आणि मुले घाबरून ते बंद करीत. कारण पाहिले तर त्या संगणकांतील नाण्याएवढा सेल संपला होता. तो संपला की वीज गेल्याबरोबर संगणकाचे घड्याळ मागे जाते. दिनांक अनेक वर्षे जुना झाला की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते. किरकोळ किमतीचा सेल बदलला आणि काम झाले. देणगी देणाऱ्या बंधूंना दोष देण्याचा हेतू नाही, परंतु जुना संगणक पाठविताना तो एकदा वीज बंद करून, पुन्हा सुरू करून पाहावा, एवढे म्हणावेसे वाटते.

चार मुलांची खाती गावाकडच्या वडिलांच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेली होती. प्रवेश करताना लागणारा ओटीपी त्या फोनवर जाई. एका मुलाचे वडील तो सांगावयास तयार होईनात. बँकेने बजावले आहे, ओटीपी कोणालाही सांगू नका. मग सर म्हणविणाऱ्या फोनवरच्या आवाजाला तरी का सांगावा? त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आम्ही क्षमा मागितली आणि कंपनीला पत्र लिहून चारही खात्यांचा क्रमांक बदलून घेतला. त्या गृहस्थांचा सावधपणा आम्ही दुसऱ्या दिवशी मुलांना वर्गात मुद्दाम सांगितला.

सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्रात नव्हतीच. मंचावर दोन वेगवेगळ्या परीक्षांची तयारी होती आणि मुलांना तो फरक कोणी सांगितला नव्हता. राज्याची विधी सीईटी संगणकावर होते, तिचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांतील प्रवेश तिच्यावरून होतात. ती कागदावर होते, इंग्रजीत होते, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. आमच्या मुलांपैकी बहुतेकांना सीईटी द्यावयाची होती. खाती मात्र सरसकट क्लॅटच्या मालिकेत उघडली गेली होती. त्यामुळे गुण कापले जातील या भीतीने ती प्रश्न कोरे सोडण्याची सवय लावून घेत होती. जेथे कोरा सोडण्यात काहीही लाभ नाही, त्या परीक्षेसाठी! सीईटीच्या मालिकेत गेल्यावर तेथेही जुनाच आराखडा दिसला. २०२४ पासून प्रश्न १२० झाले होते, मंचावर अजून १५० होते. आणखी एक मुलगा दर वेळी इतरांपेक्षा वीस-पंचवीस गुणांनी मागे राही. त्याच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा कळले की उत्तरावर खूण करून तो 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट पुढच्या प्रश्नाच्या क्रमांकावर जात असे. त्याची उत्तरे जतनच होत नव्हती. तो स्वतःला गणितात कच्चा समजू लागला होता.

या सर्वांतून आम्ही एक वही सुरू केली. साधी, दोनशे पानी. अडचण आली की मुलाने तीत लिहावयाचे: दिनांक आणि वेळ, आपण काय करीत होतो, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, आपण काय करून पाहिले, कोणाला विचारले, काय उत्तर मिळाले. 'चालत नाही' असे लिहिण्यास मनाई. पहिल्या पंधरवड्यात मुले कंटाळली. मग त्यांच्या लक्षात आले की 'नेमके कोणते शब्द' हे लिहावयाचे म्हटले की ते वाचावे लागतात, आणि वाचले की निम्म्या वेळा उत्तर त्यातच असते.

वहीचा खरा उपयोग ऑक्टोबरात झाला. विधीविषयक तर्काच्या एका उताऱ्यावर मराठीतून चाचणी देणाऱ्या सर्वांचे एकच उत्तर चूक ठरले. पूर्वी असे झाले असते तर सर्वांनी मुकाट्याने 'आपले चुकले' म्हणून पुढचे पान उलटले असते. या वेळी एका मुलाने भाषा बदलून तोच नियम इंग्रजीत वाचला. इंग्रजीत 'अनलेस' होते, मराठीत त्याचे 'जर' केलेले होते. 'नसेल तर'च्या जागी 'असेल तर' झाल्याने नियमच उलटला होता. मुलांनी दोन्ही पाने छापून घेतली, वहीतील नोंद उतरविली, आणि आमच्या मदतीने कंपनीला अर्ज लिहिला. अर्जात विनंती होती, पण लाचारी नव्हती. असे व्हावे म्हणून मसुदा तीनदा फाडला. नऊ दिवसांनी उत्तर आले. प्रश्न दुरुस्त झाला होता.

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपल्या प्रार्थनागृहात दरवर्षी वर्षावासात सांगितला जातो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. पडद्यावर लाल अक्षरांत 'चूक' असे उमटले, तर तेही पारखून घ्यावयाचे असते, हा त्या सुत्ताचा अर्थ आम्हांला मुलांनी शिकविला. महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याकडेही आम्ही आता वेगळ्या दृष्टीने पाहतो. सत्याग्रह १९२७ चा, उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. मधली दहा वर्षे खालच्या न्यायालयांतून साक्षी, कागद, जुने दाखले यांवर ती लढाई चालली, आणि अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची चाल अनादी काळापासून आहे हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही, म्हणून ती जिंकली गेली. 'अशीच रीत आहे' एवढ्यावर बाबासाहेबांनी भागू दिले नाही.

काही समाजबांधव आम्हांला म्हणतात, सर, हे काम तंत्रज्ञाचे, तुम्ही शिकवावे. काही म्हणतात, आणखी निधी जमवून मुलांना पुण्याच्या महागड्या शिकवणीला पाठवावे. दोन्ही मतांविषयी आदर राखून आम्ही असहमत आहोत. शहरातील सुशिक्षित घरात मुलाचे यंत्र अडले की शेजारच्या खोलीत मोठी बहीण असते, काका असतात. आमच्या मुलांजवळ सायंकाळी सात वाजता कोणी नसते. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, त्यामागे केवळ दोन वेळचे जेवण नव्हते; अभ्यासाला जागा आणि अभ्यासाचे वातावरण ज्या घरांत नव्हते, त्या घरांतील मुलांना ते मिळावे हा हेतू होता. आजच्या वसतिगृहाने संगणक दिला पण त्याच्या शेजारी माणूस बसविला नाही, तर ते काम अर्धेच झाले. शुल्क भरणे सोपे असते. शेजारी बसणे कठीण.

वहीने सर्व काही सुटते असा आमचा दावा नाही. क्लॅट आजही इंग्रजीतच होते. ती भारतीय भाषांतून घ्यावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती, परंतु मराठी माध्यमाच्या मुलासमोरची भिंत अजून तशीच उभी आहे, आणि ती पाडणे संगणक कक्षाच्या आवाक्यातले नाही. वंचित घटकांतील मुलांना या परीक्षेसाठी घडविणारी, प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया'सारखी चळवळ आहे. तिच्याशी आपल्या विद्यालयाने संबंध जोडावा असे आम्ही व्यवस्थापन मंडळाला सुचविले आहे. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्या. भूषण गवई सरन्यायाधीश झाले, त्या पदावरील पहिले बौद्ध. त्यांचे छायाचित्र मुलांनी कक्षाच्या दारावर चिकटविले आहे. ते पाहून उत्साह येतो हे खरे. दाराच्या आत मात्र सहापैकी एक संगणक अजून बंद आहे.

त्या अकरांपैकी नऊ जणांनी २०२५ ची सीईटी दिली. चौघांना विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. ऊसतोड कामगारांची ती मुलगी त्यांत नाही. ती यंदा पुन्हा परीक्षेला बसत आहे, वसतिगृहात धाकट्या मुलींची देखरेख करते, आणि वही आता तिच्याकडे असते. नव्या तुकडीतील कोणी 'चालत नाही' असे लिहिले तर ती ते खोडून परत देते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, जे न्यायालयांत वकिली करतात किंवा विधी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ आम्हांला द्यावी. प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर सात ते नऊ या वेळेत फोन उचलावा. पालकांनी मुलाच्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलला तर विद्यालयात कळवावे. ओटीपी मात्र आम्ही मागितला तरी देऊ नये. आणि सेल हवे आहेत, नाण्याएवढे, चार नग.