पेटीतली जीप

(युद्धकाळातील वाहनांच्या प्रतिकृती मुलांनी बनवाव्यात की नाही, याविषयी एका शिक्षकाने या पाठात आपले मत मांडले आहे.)

शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी विमाने, रणगाडे आणि तोफा यांच्या प्रतिकृती असतात. त्यांच्याभोवती मुलांची गर्दी होते. गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या मुलांनी मात्र एक लाकडी पेटी मांडली होती. पेटीची एक बाजू उघडी होती. आत एक छोटी जीप होती, पण तिला चाके नव्हती. चारही चाके तिच्याजवळ दोरीने बांधून ठेवली होती. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका पालकांनी विचारले, "सर, ही गाडी मोडली आहे का?"

मी म्हणालो, "मोडली नाही. ती प्रवासाला निघाली आहे."

हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. दुसरे महायुद्ध 1939 ते 1945 या काळात झाले. चिखलातून आणि डोंगरातून जाऊ शकेल अशी हलकी मोटार अमेरिकेच्या सैन्याला हवी होती. 1940 साली सैन्याने पहिला नमुना तयार करण्यासाठी फक्त 49 दिवसांची मुदत दिली. पेनसिल्व्हानिया राज्यातील बटलर या गावच्या बॅन्टम कंपनीने 23 सप्टेंबर 1940 रोजी तो नमुना सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच ती जीप.

गाडी तयार झाली, पण युद्ध समुद्रापलीकडे होते. जहाजे कमी होती आणि शत्रूच्या पाणबुड्या ती बुडवत होत्या. म्हणून जहाजातील प्रत्येक हात जागा मोलाची होती. आता थोडा हिशोब करू. जीपची लांबी सुमारे 3.33 मीटर आणि रुंदी 1.57 मीटर होती. वरचे कापडी छत लावले, तर उंची 1.83 मीटर होई. म्हणजे एक गाडी सुमारे साडेनऊ घनमीटर जागा अडवी. छत काढून पुढची काच पाडली, की उंची 1.32 मीटर उरे आणि जागा सात घनमीटरांहूनही कमी लागे. चाके काढली, तर जागा आणखी वाचे. म्हणून कित्येक गाड्यांचे भाग सुटे करून त्या लाकडी पेट्यांत भरल्या गेल्या. रिकामी जागा वाहून नेण्यासाठी कोणी जहाज पाठवत नाही!

हे सगळे मुलांना फळ्यावर सांगून झाले, तरी ते त्यांच्या मनात ठसले नव्हते. प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा ते ठसले. जगभरातील छंदप्रेमी अशा गाड्या बहुधा 1:35 या प्रमाणात बनवतात. आम्ही 1:20 हे प्रमाण घेतले, कारण आमच्याकडे पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि डिंक एवढेच साहित्य होते. प्रत्येक मापाला 20 ने भागायचे. लांबी सुमारे 16.7 सेंटीमीटर, रुंदी 7.9 सेंटीमीटर आणि काच पाडल्यावर उंची 6.6 सेंटीमीटर आली.

एका गटाने घाई केली. त्यांनी चाके डिंकाने पक्की चिकटवली आणि पेटी मात्र चाकांविना येणाऱ्या मापाची केली. गाडी पेटीत जाईना! मुले हिरमुसली. पण मापाचा अर्थ त्या दिवशी त्यांना जेवढा कळला, तेवढा माझ्या दहा तासांतही कळला नसता. त्यांनी चाके उपटून काढली, धुऱ्यांवर नुसती बसवली आणि मग पेटीचे माप पुन्हा घेतले.

खरी अडचण पुढेच होती. पेटी उचलली की ती एका बाजूला झुके. चौकोन तिरका होई. आम्ही जास्त डिंक लावून पाहिला, पण उपयोग झाला नाही. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. तो वर्गात फारसा बोलत नसे. मराठीत बोलायला तर लाजत असे. तो म्हणाला, "सर, तिरपी पट्टी पाहिजे." त्याने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक काडी चिकटवली. डिंक वाळल्यावर आम्ही पेटी दाबून पाहिली. ती जरासुद्धा हलली नाही. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले होते, आणि बाजू ठरलेल्या त्रिकोणाचा आकार बदलत नाही. भूमितीच्या पुस्तकात हे आहेच. त्या मुलाचे वडील लाकडी पेट्या बनवण्याचे काम करतात. तो सुट्टीत त्यांच्या हाताखाली काम करतो, हे मला त्या दिवशी समजले. वर्षभर मी त्याला कच्चा विद्यार्थी समजत होतो. चूक माझी होती.

काही जण म्हणतात, "मुलांनी युद्धाच्या वस्तू बनवूच नयेत. त्यामुळे युद्धाची गोडी लागते." हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. कपाटात ठेवलेला चकचकीत रणगाडा सुंदर दिसतो. त्याच्या शेजारी जळलेले घर नसते, भुकेले मूल नसते. असा रणगाडा मुलांना अर्धेच सत्य सांगतो. पण म्हणून प्रतिकृतीच नको, हे मला पटत नाही. पेटीतली गाडी पाहिली की मनात वेगळे प्रश्न येतात. ही पेटी कोणी भरली? ती कोठे गेली? ती कोणी उघडली?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना आम्ही नकाशावर इराणपर्यंत पोहोचलो. ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांच्या फौजा इराणमध्ये शिरल्या. त्यानंतर अमेरिकेची मदत इराणमार्गे रशियाला जाऊ लागली. पेट्यांत भरलेले ट्रक जहाजांतून इराणच्या किनाऱ्यावर येत. खुर्रमशहर आणि अंदिमेश्क येथील कारखान्यांत ते जोडले जात. भयंकर उन्हात इराणी कामगार हे काम करत. तेथून ट्रक उत्तरेकडे रशियाला रवाना होत. त्याच काळात इराणमध्ये धान्याची टंचाई पडली. डिसेंबर 1942 मध्ये तेहरान शहरात लोक रोटीसाठी रस्त्यावर आले आणि दंगल झाली. पेट्यांतून ट्रकमागून ट्रक निघत होते, पण ते तेहरानच्या रोटीसाठी आलेले नव्हते. हे ऐकल्यावर वर्ग शांत झाला. युद्धाची गोडी लावणारा हा धडा नव्हे.

या पेटीची दुसरी बाजूही मुलांना दिसली पाहिजे. युद्ध संपले आणि देश स्वतंत्र झाला. त्यानंतर परदेशातून आलेले सुटे भाग जोडून मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनी जीप तयार करू लागली. आधी जोडायला शिकायचे, मग स्वतः बनवायला शिकायचे, हा क्रम तेथेही होता. युद्धासाठी जन्मलेली गाडी आपल्याकडे खेड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर धावली. वस्तू तीच असते. ती कोणत्या कामाला लावायची, हे माणूस ठरवतो.

म्हणून माझे मत असे आहे की, मुलांनी युद्धकाळातील वाहनांच्या प्रतिकृती जरूर बनवाव्यात, पण त्या पेटीसकट बनवाव्यात. नुसती गाडी बनवली, तर फक्त यंत्र दिसते. पेटीसकट बनवली, तर तिच्यामागची माणसे, त्यांची मेहनत आणि त्यांचे हालही दिसतात. शिवाय शाळेला आपली मुले नव्याने ओळखता येतात. आम्ही मुलांची बुद्धी उत्तरपत्रिकेवर मोजतो. काही मुलांची बुद्धी त्यांच्या बोटांत असते, आणि तिला पुढे येण्यासाठी वर्गात जागा लागते.

मुलांनो, तुम्हीही अशी पेटी बनवून पाहा. मात्र आधी नीट मोजा, चाके चिकटवण्याची घाई करू नका, आणि तिरपी पट्टी विसरू नका.

शब्दार्थ
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखा हुबेहूब नमुना
हवाली करणे – ताब्यात देणे
पाणबुडी – पाण्याखालून जाणारे जहाज
धुरा – ज्यावर चाक फिरते तो दांडा
हिरमुसणे – नाराज होणे
हसण्यावारी नेणे – महत्त्व न देणे

स्वाध्याय
1. जीपचे भाग सुटे करून ती पेटीत का भरत असत?
2. पेटी झुकू नये म्हणून मुलाने काय केले? त्याचा उपयोग का झाला?
3. 'चूक माझी होती' असे लेखकाला का वाटले?
4. जहाज, नमुना, मेहनत, नकाशा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
5. लेखकाचे मत तुम्हांला पटते का? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.