अस्सल कागद आणि 'तरीही पुढे जा'

गेल्या परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागली. संकेतस्थळ उघडताना धोक्याचा इशारा दिसल्यास विद्यार्थ्यांनी घाबरू नये, 'ॲडव्हान्स्ड'वर टिचकी मारून पुढे जावे, असा तिचा आशय. खाली सही आणि गोल शिक्का. याच कार्यालयाने, विभागाचा शिक्का राहिला म्हणून आमचा ग्रंथखरेदीचा अर्ज दोनदा परत पाठवला होता. कागदावरच्या शिक्क्याबाबत इतकी काटेकोर असणारी व्यवस्था संगणकाने मागितलेला शिक्का मात्र ओलांडून जायला सांगते, याचे आम्हांला प्रथम हसू आले. मग लक्षात आले की त्या अर्जात मुलांचा पत्ता, जन्मतारीख आणि बँकेचा तपशील असतो.

झाले होते इतकेच की संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. संगणक विभागातील सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की मुदत संपली तरी मजकूर कूटबद्ध होऊनच जातो, वाटेत तो कोणाला वाचता येत नाही. हे खरे आहे, पण अपुरे आहे. गुपित कुजबुजून सांगितले, यापेक्षा ते कोणाच्या कानात सांगितले हा प्रश्न मोठा. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा अनेकांनी त्याला मुजरे केले. १७७६मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत पेशवाईला त्याने घोर लावला. तोतयाशी केलेले खलबत कितीही बंद दाराआड झाले तरी ते तोतयाशीच झालेले असते.

प्रमाणपत्र नेमके याच प्रश्नाचे उत्तर देते. संकेतस्थळ चालवणारा किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. खाजगी किल्ली त्याच्या सर्व्हरवरच राहते. सार्वजनिक किल्ली आणि संकेतस्थळाचे नाव असलेला विनंतीअर्ज प्रमाणन संस्थेकडे जातो. ते नाव खरोखरच अर्जदाराच्या ताब्यात आहे का, हे संस्था पडताळते (उदाहरणार्थ, अमुक मजकूर तुमच्या स्थळावर ठेवून दाखवा, असे सांगते) आणि मग स्वतःच्या खाजगी किल्लीने प्रमाणपत्रावर सही करते. आपल्या ब्राउझरजवळ विश्वासार्ह संस्थांची यादी आधीच असते. सही त्या यादीपर्यंत पोचते का, नाव जुळते का, मुदत शिल्लक आहे का, हे तो क्षणार्धात पाहतो. त्यानंतरच दोन्ही बाजू त्या संभाषणापुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. जुन्या मराठी पत्रात माथ्यावरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे आणि शेवटचे मोर्तब मजकूर तिथे संपला हे सांगे. डिजिटल सही ही दोन्ही कामे एकटीच करते. एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. स्वतःच सही केलेले प्रमाणपत्रही कोणालाही मिनिटभरात बनवता येते. प्रयोगशाळेतल्या सरावाला ते पुरते. इतरत्र त्याची किंमत स्वतःला दिलेल्या प्रशस्तिपत्राइतकी.

साक्षीदारच फितला तर? २०११मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली, पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली, आणि इराणमधील जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांतले एक वापरले गेले. ब्राउझरांनी संस्थेला यादीतून काढले. त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. आपल्याकडेही २०१४मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे उघडकीस आले होते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सवय ज्यांना लावली गेली, त्यांना अशा वेळी काहीही वाचवू शकत नाही.

प्रमाणपत्राला आम्ही डोक्यावर घेऊन नाचावे, असेही नाही. इतिहासाच्या साधनांत 'अस्सल' कागद म्हणजे ज्याचा म्हटला आहे त्याचाच कागद. त्यातला मजकूर खरा असेलच, असे कोणी मानत नाही. अस्सल पत्रात धादांत खोटे लिहिलेले असू शकते. प्रमाणपत्राचेही तसेच आहे. फसवणुकीसाठी उभारलेल्या स्थळालाही ते मिळते, कारण ते पत्त्याची ग्वाही देते, पत्त्यावर राहणाऱ्याच्या सचोटीची नव्हे. कुलपाच्या चिन्हावरून लोक सचोटीचाच अर्थ घेतात म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्ह बदलून टाकले. वास्तविक हा भेद साहित्याच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही दुसरे काय करतो?

खर्चाची सबब आता उरलेली नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५च्या डिसेंबरपासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते आहे आणि त्यांचे नूतनीकरण यंत्राकडून आपोआप करून घेता येते. उलट दिरंगाई महाग पडणार आहे, कारण प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने २०२९पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय २०२५मध्ये झाला आहे. वर्षातून एकदा जमत नाही ते दीड महिन्याला कसे जमणार, हे कार्यालयाने आजच ठरवलेले बरे. तोवर फलकावरची ती सूचना काढावी आणि अर्ज कागदावर घ्यावेत, असे पत्र आम्ही प्राचार्यांना दिले आहे.