अनुदान बँकेत, गिरणी कुलपात



छोट्या धंद्याला मदत करणाऱ्या कचेऱ्यांची जिल्ह्याच्या गावी काही कमी नाही. जिल्हा उद्योग केंद्र आहे, खादी ग्रामोद्योग मंडळ आहे, अग्रणी बँक आहे. १९७८ साली जनता राजवटीत जिल्हा उद्योग केंद्रे निघाली तेव्हा सांगितले गेले की, खेड्यातल्या कारखानदाराला सगळे काही एका छपराखाली मिळेल. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने उद्योगांना एका खिडकीवर परवाने मिळावेत म्हणून पुन्हा कायदा केला. छप्पर धड असते तर पंचेचाळीस वर्षांनी खिडकी पाडायची वेळ का आली?

आपल्या मुलुखात धंदे नव्हते असे नाही. कापूस होता म्हणून जिनिंग-प्रेसिंग होते, सरकी होती म्हणून तेलघाण्या होत्या. एक क्विंटल कापूस रेचला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल, तेलामागे ढेप, ढेपेवर जनावरे. ही सगळी साखळी गावाच्या आसपास उभी राहू शकत होती. पण १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली आणि कापूस सरकारलाच घालावा लागला. जिनवाला स्वतःच्या हिमतीवर खरेदी करणारा धंदेवाईक उरला नाही, तर सरकारी कापूस ठरल्या दराने रेचून देणारा हमाल झाला. तीस वर्षे हे चालले. ज्या सरकारने एवढी वर्षे धंदा करायला बंदी घातली, तेच आता 'उद्योजकता विकास' नावाचे प्रशिक्षण देते, आणि वर्गात पोरांना सांगते की जोखीम घ्यायला शिका!

आता त्या मदतीचा हिशेब पाहू. पऱ्हाटीच्या ओळीत आपण तूर घेतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने छोटी डाळ गिरणी तयार करून दिली, ही चांगली गोष्ट झाली, ते मान्यच केले पाहिजे. समजा गावातल्या एका पोराने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून दहा लाखांची गिरणी टाकायची ठरवली. ही योजना २००८ सालची. खुल्या वर्गातला, ग्रामीण भागातला असेल तर त्याने घरचे एक लाख घालायचे, बँकेने नऊ लाख द्यायचे, आणि सरकारचे अनुदान २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. पेपरात आकडा छापून येतो. पण तो अडीच लाख पोराच्या हातात पडत नाही. त्याच्या नावाने बँकेतच तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहतो. ठेवीवर व्याज नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवरही व्याज नाही. तीन वर्षांनी गिरणी चालू आहे असे कोणी येऊन पाहिले, म्हणजे तो कर्जात वळता होतो.

साहेब लोक म्हणतील, अनुदान घेऊन पळणारे भामटे फार. असतील. पण तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत ज्याच्या गल्ल्यात रोख, त्याची गिरणी वर्षभर चालते. कर्जात खेळते भांडवल धरता येते, पण प्रकल्प अहवाल बेतलेला असतो तो यंत्राच्या कोटेशनवर. यंत्र येते, उद्घाटन होते, फोटो निघतो आणि खरेदीला पैसा नसतो. मग त्याच गिरणीत पोर दुसऱ्याची तूर भरडून देतो. त्यात वीज कधी येईल आणि कधी जाईल ते सांगता येत नाही. हप्ता मात्र तारखेला हजर. तीन वर्षे तग धरण्यासाठी जो पैसा लागतो, तोच पैसा तीन वर्षे तग धरल्याचे बक्षीस म्हणून द्यायचा, ही अक्कल कोणाची?

छोट्याची व्याख्याही पाहा. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म कारखाना म्हणजे २५ लाखांपर्यंतची यंत्रसामग्री. २०२० साली ती मर्यादा एक कोटी झाली. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी यंत्रे आणि दहा कोटी उलाढाल. मध्यम म्हणजे सव्वाशे कोटींची यंत्रे आणि पाचशे कोटींची उलाढाल! महागाई वाढली हे कबूल. तरी आमच्या पोराची दहा लाखांची गिरणी आणि अडीच कोटींचा कारखाना सरकारदरबारी सारखेच 'सूक्ष्म'. एका रांगेत दोघे उभे राहिले तर बँकेचा साहेब आधी कोणाला खुर्ची देईल, हे मी सांगायला नको.

याच कायद्यात एक कलम मात्र कामाचे आहे. छोट्या कारखान्याचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. निकालाविरुद्ध अपिलात जायचे तर खरेदीदाराने ७५ टक्के रक्कम आधी भरायची. कागदावर वाघ आहे. पण सूतगिरणीवर तक्रार करणाऱ्या जिनवाल्याकडून पुढच्या हंगामात गाठी घेणार कोण? म्हणून तो गप्प बसतो, आणि आपली अडचण आपल्या कापसाच्या चुकाऱ्यावर ढकलतो. आणि आपण? कापूस पिकवणारा या कायद्यात पुरवठादार धरलाच जात नाही. साखळीच्या शेवटच्या माणसाला चिठ्ठी मिळते, तारीख मिळत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत नवी योजना मागू नये. दोनच मागण्या कराव्यात. अनुदान पहिल्या खरेदी हंगामात खेळत्या भांडवलात वापरू द्या. आणि ४५ दिवसांचे जे व्याज कारखानदाराला, तेच शेतमाल उधारीवर घालणाऱ्यालाही लागू करा.

तोवर प्रत्येक तालुक्याने माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे टाकावा. पाच वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात अनुदान मंजूर झालेले कारखाने किती, त्यांतले आज चालू किती, आणि किती जणांची ठेव परत गेली? अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. आलेली उत्तरे पुढच्या बैठकीला सोबत आणावीत.