'पुआसा' म्हणजेच रोजा

जकार्ताच्या विमानतळावर उतरले तेव्हा मनात धाकधूक होती. पहिलाच परदेश प्रवास, तोही एकटीने. पाट्या वाचत निघाले. स्वच्छतागृहाच्या दोन दारांवर रोमन लिपीत दोन शब्द दिसले, 'प्रिया' आणि 'वानिता'. वानिता म्हणजे आपली वनिता, हे ओळखलं. पण 'प्रिया'चं दार पुरुषांचं निघालं! नुसत्या मराठीच्या भरवशावर गेले असते तर फजितीच होती.

चिकिनी भागात एका घरगुती लॉजवर मुक्काम केला. मालकीणबाई पन्नाशीच्या, डोक्यावर हिजाब. गुरुवारी सकाळी त्यांनी मला नाश्ता दिला, स्वतः मात्र पाण्यालाही हात लावला नाही. खुणेने विचारलं, तर हसून म्हणाल्या, "पुआसा." सोमवार-गुरुवारचा सुन्नत रोजा होता तो. आणि हा 'पुआसा' आला आहे संस्कृत 'उपवास'वरून.

मग मला छंदच लागला. सवाबला तिथे 'पाहाला' म्हणतात, म्हणजे फळ. गुनाहला 'दोसा', म्हणजे दोष. जन्नत म्हणजे 'सुर्गा', जहन्नम म्हणजे 'नराका'. शिक्षकाला तर सरळ 'गुरु'. त्याच भाषेत अरबीतून आलेले 'कुर्सी', 'वक्तू', 'दुनिया' हे शब्दही सुखाने नांदतात. भेटल्यावर लोक विचारतात, "आपा काबार?" म्हणजे काय खबर? इंडोनेशिया हा जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. तिथे 'पुआसा' म्हटल्याने रोजा उणा होत नाही.

ही भाषा आपोआप राष्ट्रभाषा झालेली नाही. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी याच शहरात, तेव्हाच्या बटाव्हियात, तरुणांनी एक मायभूमी, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली. ती ज्या घरात घेतली, तिथे आता संग्रहालय आहे. संख्येने सर्वांत मोठा समाज जावानीज बोलणारा. तरी निवड झाली ती बंदरांत आणि बाजारांत सगळ्यांना समजणाऱ्या मलायची. बहुसंख्याकांनी आपली भाषा इतरांवर लादली नाही, याचं मला मोठं अप्रूप वाटलं.

पण जकार्ताला डोक्यावर घेऊन नाचावं असंही नाही. ग्लोडोक या चिनी वस्तीत फिरले, तेव्हा त्याच शहराची दुसरी बाजू आठवली. सुहार्तोंच्या राजवटीत चिनी शाळा बंद झाल्या, चिनी वंशाच्या लोकांवर इंडोनेशियन नावं घेण्याचा दबाव आला. मे १९९८च्या दंगलीत हीच वस्ती जळाली. सगळ्यांना जोडायला निवडलेली भाषा असूनही, एका समाजाच्या भाषेवर संशय घेतला की काय होतं, तेही तिथेच दिसतं.

हे सारं मला लागलं, कारण मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एखाद्या प्रशिक्षण वर्गात कुणीतरी कौतुकाने म्हणतंच, "मॅडम, तुम्ही मराठी किती छान बोलता!" माझ्या कितीतरी पिढ्या याच मातीत पुरल्या आहेत. मी मराठी बोलणार नाही तर कोण? दुसरीकडे आपल्याच मोहल्ल्यातले पालक म्हणतात, "मराठी पास होण्यापुरती शिकवा, ती काही आपली जबान नाही." पहिल्या वाक्याचा राग येतो, दुसऱ्याने मात्र काळजी वाटते. कारण मराठी कच्ची राहिलेलं पोर उद्या तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात मुकं होतं. आणि भाषा धर्माला बांधण्याची चूक दोन्हीकडचे लोक सारखीच करतात.

परतल्यावर मी फळ्यावर दोन रकाने केले. एकात लिहिलं पुआसा, सुर्गा, गुरु. दुसऱ्यात तारीख, वकील, जमीन, सरकार. मुलांना विचारलं, यातले मुसलमानांचे शब्द कोणते आणि हिंदूंचे कोणते? वर्ग बराच वेळ गोंधळात होता. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सवालच गलत आहे."

तिचं वाक्य अर्धं उर्दू, अर्धं मराठी होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.